जपानी ढंगाची कॅम्पेन चालवायचीय, सिस्टम कुठली घेऊ? (बेळगावकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणारा पाच जणांचा ग्रुप, म्हणजे एकजण गोष्ट चालवतो (तो गेम मास्टर, जीएम), बाकीचे एकेक पात्र होतात आणि अडलं की फासे टाकतात (तो रोल). दर रविवारी दुपारी टिळकवाडीत एकाच्या गच्चीवर बसतो, पाऊस असला की खालच्या हॉलमध्ये. गेल्या तीनेक वर्षांत जपानी वळणाच्या चार कॅम्पेन, म्हणजे कित्येक रविवार चालणाऱ्या गोष्टी, झाल्या, त्यातल्या दोन चांगल्या झाल्या, एक बरी झाली आणि एकीचं नाव काढलं की अजून सगळे हसतात. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं सिस्टम म्हणजे नियमांचं पुस्तक कुठलं घेऊ, असं तेच तेच विचारतात म्हणून एकदाच बसून लिहून टाकतोय.

सरळ सांग ना, कुठली घेऊ?

दरबार, कुळं, अब्रू, धन्याचा हुकूम आणि मनातली गोष्ट यांची ओढाताण पाहिजे असेल तर लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्जची पाचवी आवृत्ती. डोंगरवाटेनं चालत जायचं, पावसात भिजायचं, गावोगावची माणसं भेटायची तर र्‍युतामा. सगळं भडक, नाट्य कंपनीसारखं, एका रात्रीत मित्राचा वैरी आणि वैऱ्याचा भाऊ निघतोय असं पाहिजे तर तेन्रा बान्शो झीरो. घरात आठ-दहा वर्षांची मुलं असतील तर गोल्डन स्काय स्टोरीज. व्हिडिओ गेममधल्या जपानी फँटसीचा फील पाहिजे, म्हणजे स्फटिक, उडती जहाजं वगैरे, तर फाबुला उल्तिमा, ती २०२२ मध्ये इंग्रजीत आली, इटालियन माणसानं लिहिलीय पण वाटत नाही.

आता यातली कुठली हे पुस्तकाच्या कव्हरवरचा कताना (जपानी तलवार) बघून ठरवू नका. कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, कशाचा आकडा आहे ते बघा. शीटवर ज्याचा आकडा असतो त्याचीच काळजी पोरं करतात, बाकी तुम्ही कितीही घसा फोडून सांगा.

पण आम्हाला डी अँड डी फाइव्ह ई (डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती) येतंय की, त्यातच सामुराई घेतला तर?

घेता येतो. २०१७ च्या झनाथरच्या पुस्तकात फायटर म्हणजे लढवय्या पात्राचा सामुराई प्रकार आहे, मंक म्हणजे भिक्षू पात्राचा केन्सेई आहे, लाँगस्वोर्डला कताना म्हणा, झालं. आणि २०२३ च्या जानेवारीत फाइव्ह ईचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये (कुणीही वापरावा अशा परवान्यात) टाकला त्यामुळं फुकटात सुरुवात होते.

आम्ही पण पहिली कॅम्पेन अशीच केली, वर म्हटलं ना नाव काढलं की हसतात, ती हीच. मी दोन आठवडे खपून एक दाइम्यो (जपानी सरदार) लिहिला होता, त्याचा वाडा, त्याची म्हातारी आई, चहाचा समारंभ, सगळं. बेत असा की तो भर सभेत खेळाडूंच्या धन्याचा अपमान करणार आणि यांना गप्प बसून ऐकावं लागणार, कारण हे पाहुणे आणि तो यजमान. तर मी अपमान वाचून दाखवला आणि आमचा वकील मित्र शांतपणे म्हणाला, "याचे हिट पॉइंट किती असतील रे?" पुढच्या वीस मिनिटांत दाइम्यो मेला, पहारेकरी मेले, आणि हे चहाची भांडी विकली तर किती मिळतील ते विचारायला लागले.

चूक त्यांची नव्हती. त्यांच्या शीटवर हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) होते, आर्मर क्लास (वार चुकवायचा आकडा) होता, हल्ल्याचा बोनस होता. अब्रू कुठंच नव्हती. २०१४ च्या डीएमच्या (डी अँड डीत जीएमला डीएम म्हणतात) पुस्तकात ऑनर नावाचा सातवा गुण ऐच्छिक म्हणून दिलाय खरा, आम्ही नंतर लावून पाहिला, पण तो शेपटासारखा मागं लोंबतो, कुणी वापरत नाही. तुम्हाला राक्षस मारायचेत, गुहा धुंडाळायच्यात आणि फक्त वेष जपानी पाहिजे, तर फाइव्ह ई उत्तम आहे, उगाच दुसरं शिकू नका. त्याच नियमांवर रोकुगानचं, म्हणजे लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्जचं, जग बसवलेलं अ‍ॅडव्हेंचर्स इन रोकुगान २०२२ मध्ये आलं, ते पण चालेल.

लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज एवढं काय विशेष आहे?

आधी १९९५ मध्ये हा पत्त्यांचा गेम म्हणून आला, १९९७ मध्ये त्याचा रोलप्लेइंग गेम झाला. जग रोकुगान नावाचं, ते जपान नव्हे, जपानवरनं घेतलेलं. सात मोठी कुळं, खेकडा, क्रौंच, ड्रॅगन, सिंह, फिनिक्स, विंचू, युनिकॉर्न. आधीच्या मालकांनी २०१५ मध्ये विकला, २०१८ ला पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यात फासेच बदलले. जुन्या आवृत्त्यांत दहा बाजूंचे फासे होते, जुने लोक अजून त्यावरनं भांडतात.

एक रोल दाखवतो, म्हणजे कळेल. क्रौंच कुळातला दरबारी आहे, समोरचा सिंह कुळातला म्हातारा त्याला डिवचतोय. आधी ठरवायचं की तू हे कसं हाताळणार, म्हणजे पाच रिंगांपैकी (पंचतत्त्वं, शीटवर प्रत्येकाचा आकडा) कुठल्या रिंगनं. वाऱ्याच्या रिंगनं म्हणजे आडून, गोड बोलून. पृथ्वीनं म्हणजे ठाम बसून. आगीनं म्हणजे पेटवून. पाण्यानं म्हणजे त्याच्याशी जुळवून घेत. शून्य पण आहे पाचवी. समजा वारा ३ आणि शिष्टाचाराचं कौशल्य २. तर सहा बाजूंचे काळे तीन आणि बारा बाजूंचे पांढरे दोन, पाचही टाकायचे, पण ठेवायचे तीनच. यशाच्या दोन खुणा पाहिजेत. फासे पडले, यशाच्या दोन खुणा आहेत खऱ्या पण दोन्हींना चिकटून स्ट्राइफची खूण आहे. आता ठेवतोस का सोडतोस?

स्ट्राइफ म्हणजे काय ते आमच्या ग्रुपला मी असं सांगितलं, घरात चार पाहुणे बसलेत, काका मुद्दाम जुन्या जमिनीचा विषय काढतात, तुम्ही हसून म्हणता "घ्या ना काका, अजून एक चिवड्याची बशी घ्या." ते जे आत गिळलं ना, ते. शीटवर त्याचा आकडा वाढत जातो. पृथ्वी आणि पाणी यांची बेरीज करून दुप्पट, ती तुमची सहनशक्ती. त्याच्या पुढं गेलं की माणूस हलतो, मग स्ट्राइफची खूण असलेले फासे ठेवताच येत नाहीत, आणि त्यातनं सुटायचं तर मुखवटा पडू द्यायचा, चारचौघांत ओरडायचं, रडायचं, सभा सोडून जायचं. आमचा तोच वकील, ज्यानं चहाची भांडी विकायला काढली होती, त्यानं इथं तीन सेशन एका माणसासमोर नुसतं हसत काढली, आकडा चढत चढत गेला आणि चौथ्या सेशनला धन्याच्या मुलीच्या लग्नात फुटला. गच्चीवर कुणी बोललं नाही, खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता तेवढाच आवाज.

माणूस तोच, खेळणारे तेच. फक्त शीटवरचा आकडा बदलला.

वाईट बाजू पण सांगतो. पुस्तक जाड आहे. कॅरॅक्टर बनवायला वीस प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, तुझं कर्तव्य काय, मनातली इच्छा काय, आईवडलांशी कसं आहे, त्यातच पहिला रविवार जातो. आम्हाला ती मजा वाटली, ज्यांना पटकन तलवार काढायचीय त्यांना जांभया येतात.

ते खास फासे इथं मिळतच नाहीत, मग?

नाही मिळत. आम्ही बाहेरून मागवले ते दीड महिन्यानं आले आणि पाकिटात एक फासा कमी. तोपर्यंत साधा सहा बाजूंचा आणि बारा बाजूंचा वापरला, कुठल्या आकड्याला कुठली खूण याचा तक्ता छापून पुठ्ठ्यावर चिकटवला. दोन सेशनमध्ये पाठ होतं. फोनवर पण टाकता येतात पण फासा फरशीवर खुळखुळला पाहिजे बा, त्याशिवाय रंगत नाही.

तेन्रा बान्शो झीरो अवघड आहे म्हणतात?

जग अवघड आहे, नियम नाहीत. हे खुद्द जपानमधलं, मूळ १९९७ चं, झीरो आवृत्ती २००० ची, इंग्रजीत यायला २०१३ उजाडलं. यात सामुराई अंगात जादूचे मणी बसवून घेतात, चिलखती यंत्रमानव आहेत, अंगात किडे पाळणारे वैद्य आहेत. काहीही.

पण मला आवडली ती दुसरीच गोष्ट. कुणी झकास अभिनय केला, भारी डायलॉग टाकला की बाकीचे खेळाडू त्याला चिप देतात, म्हणजे टाळ्या शिट्ट्याच, फक्त हातात मिळणाऱ्या. त्या चिपांमधून ताकद येते, ताकद खर्च केली की कर्म वाढतं, आणि कर्म १०८ च्या वर गेलं की तुमचं पात्र असुर होतं आणि जीएमच्या ताब्यात जातं. हे मी सांगितल्यावर आमच्यातल्या एकाची आजी दारात उभी होती, ती म्हणाली "जपमाळेएवढं." बरोबर तेच. जपान्यांना हा आकडा बुद्धाकडनं मिळाला, आपल्याला आजीकडनं. कर्म, असुर, १०८, इंग्रजी पुस्तकात ज्याला पान-पान समजावणी दिलीय ते आपल्याकडं एका वाक्यात होतं.

अजून एक. शीटवर मृत्यूची एक चौकट असते. ती तुम्ही स्वतः भरेपर्यंत पात्र मरतच नाही. भरली की जास्तीचे फासे मिळतात, पण आता हरलात तर खरंच मेलात. कधी मरायचं धाडस करायचं ते खेळणारा ठरवतो. आमच्याकडं चार तासांच्या खेळात एकदाच भरली गेली आणि भरणाऱ्यानं पेन खाली ठेवून आधी पाणी प्यालं.

प्रवासाची कॅम्पेन कशी चालवू? माझी पोरं कंटाळतात

र्‍युतामा. २००७ चं जपानी, २०१५ ला इंग्रजीत. र्‍यू म्हणजे ड्रॅगन, तामागो म्हणजे अंडं. यात तुम्ही वीर नसता, शेतकरी, व्यापारी, गवई, शिकारी, कारागीर असले साधे लोक असता. गुणांना आकडा नाही, फासाच असतो, ताकद ६ म्हणजे सहा बाजूंचा, ८ म्हणजे आठ बाजूंचा. रोज सकाळी तब्येतीचा रोल, मग चालण्याचा, मग वाट न चुकण्याचा, मग मुक्कामाचा. चालण्यात फसलात तर अर्धे हिट पॉइंट गेले. जमीन आणि हवा जशी तसं लक्ष्य वाढतं. दोन्ही फाशांवर १ आला तर फजिती.

ऐकायला कोरडं वाटतंय पण जांबोटीकडनं चोर्ला घाट जुलैमध्ये बाईकवर उतरलेल्या माणसाला हे नियम शिकवावे लागत नाहीत. मी तोच रस्ता घेतला, नावं जपानी ठेवली, धुकं, जळवा, वळणावरचं चहाचं टपरं, रस्त्यात आडवं पडलेलं झाड. वाट न चुकण्याचा रोल फसला तेव्हा "इथं सिग्नल पण येत नाही" असं कुणीतरी पात्रातच बोललं.

एक लक्षात ठेवा, पुस्तकातलं जग दिसायला युरोपी खेड्यासारखं आहे, चव जपानी आहे. तोरी दारं (देवळापुढच्या कमानी), तांदळाची शेतं तुम्हालाच आणायला लागणार.

जुनी पुस्तकं शोधू का?

वाचायला शोधा, खेळायला नको. बुशिदो नावाचा गेम १९७९ चा, माहिती भरपूर आणि नियम मुंगीच्या अक्षरात. १९८५ चं ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स डी अँड डीचं, त्यात ऑनर पॉइंट होते, पण चीन, जपान आणि आजूबाजूचं सगळं एका पिशवीत कोंबलंय. कुणी बेळगाव, मदुराई आणि काबूल मिळून एक "हिंदू जग" केलं तर आपल्याला कसं वाटेल, तसं. १९९९ चा सेन्गोकु इतिहासाला जास्त धरून आहे, इतिहासवेड्या जीएमनं बघावा.

खरा इतिहास किती पाळायचा? सामुराई कधी धोका देत नसत ना?

हाहा. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत कोबायाकावा हिदेआकी ऐन लढाईत बाजू बदलून आपल्याच लोकांवर उतरला आणि निकाल फिरला. सेन्गोकु काळात, म्हणजे सरदारांच्या आपसातल्या लढायांच्या काळात, हे चालायचंच. बुशिदो (सामुराईंचे अब्रूचे नियम) म्हणून जे जगभर माहीत झालं त्यातलं बरंचसं नितोबे इनाझो यांच्या १९०० सालच्या इंग्रजी पुस्तकातनं, आणि तोवर तलवार लावून फिरण्यावर बंदी येऊन, १८७६ ची ती, चोवीस वर्षं झाली होती. म्हणजे अब्रूचे नियम लिहिलेले एक आणि वागणूक दुसरी, आणि कॅम्पेनची मजा त्या दोहोंच्या मधल्या फटीतच आहे.

देव, भुतं, योकाई (जपानी भुताटकी) यांची नावंच लक्षात राहत नाहीत

निम्मे तर आपलेच आहेत. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, हातात वीणेसारखं वाद्य. एनमा म्हणजे यम. तैशाकुतेन म्हणजे इंद्र. बिशामोनतेन म्हणजे कुबेर. कांगितेन म्हणजे चक्क गणपती, हत्तीच्या तोंडाचा. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेले सगळे. टेबलावर हे सांगितलं की पोरं एकदम सरसावून बसतात.

भुतांमध्ये कप्पा, नदीत राहतो, डोक्यावर खळगा आणि त्यात पाणी, ते सांडलं की शक्ती गेली, म्हणून त्याला वाकून नमस्कार करायचा, तो पण सभ्यपणानं वाकतो आणि पाणी सांडतं. काकडी आवडते त्याला. मार्कंडेय नदीच्या काठच्या गावातल्या पोरांना हा लगेच पटतो.

आणि त्सुकुमोगामी. वस्तू शंभर वर्षांची झाली की तिच्यात जीव येतो, छत्री, कंदील, चप्पल काहीही. हे मला वाटलं समजावून सांगावं लागेल. पण आमच्यातला एकजण उद्यमबागला फाउंड्रीत आहे, तो म्हणाला "खंडेनवमीला आम्ही लेथला हार घालतोय, नारळ फोडतोय, त्या दिवशी त्याला हात लावत नाही, मग त्याच्यात जीव नाही असं कोण म्हणतंय?" पुढच्या रविवारी मी त्याच्या पात्राला एक म्हातारा, रुसका भाता दिला, लोहाराचा. कॅम्पेनमधलं सगळ्यात लाडकं पात्र तेच झालं.

बंदुका चालतील?

इतिहास धरला तर चालतील. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर तोड्याच्या बंदुका आल्या आणि १५७५ ला नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागानं त्या जोरात वापरल्या. आणि हे पोर्तुगीज म्हणजे आपल्या घाटाखालच्या गोव्यावाले. १५४९ मध्ये जपानला उतरलेला फ्रान्सिस झेवियर, त्याचा देह जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आहे, आपण शाळेच्या सहलीत बघितलाय. त्यामुळं गोव्याहून जपानला निघालेला, मराठी-कानडी दोन्ही बोलणारा खलाशी असं पात्र पूर्ण शक्य वाटतं, आमच्यात एकानं केलंच. रोकुगानमध्ये मात्र बंदुकीच्या दारूला बंदी आहे, तिथं हट्ट करू नका.

सोन्याची नाणी विचित्र वाटतात, पैसे कसे मोजू?

तांदळात. एक कोकु म्हणजे साधारण १८० लिटर, दीडशे किलोच्या आसपास तांदूळ, एका माणसाचं वर्षाचं खाणं. पंचवीस किलोची सहा पोती म्हणा. एदो काळात (सतराव्या शतकापासून पुढं) दहा हजार कोकु आणि वर उत्पन्न असलेला तो दाइम्यो. वडगाव-शहापूरकडं ज्यांच्या घरी बेळगावी बासमती पिकायचा त्यांना "धन्यानं तुला पन्नास कोकु दिले" म्हटलं की डोळ्यासमोर खळं येतं, पन्नास सोन्याची नाणी म्हटल्यावर काहीच येत नाही.

मुलीनं सामुराई केलेली चालेल का?

हा प्रश्न अजून येतो याचंच नवल वाटतं. तोमोए गोझेनची कथा बाराव्या शतकातल्या युद्धाची आहे. आणि आपण राहतो कुठं, एकीकडं कित्तूरची चन्नम्मा, दुसरीकडं बेळवडीची मल्लम्मा. पुढचा प्रश्न.

टेबलावर भाषा कुठली?

आमच्यात दोघं घरात कानडी बोलतात, तिघं मराठी, नियम इंग्रजीत, नावं जपानी. काही बिघडत नाही. खालच्या कुळाचा माणूस वरच्याशी बोलताना "अहो-जाहो" आणि उलट बोलताना "अरे-तुरे" ठेवलं की अर्धा जपान तिथंच उभा राहतो, इंग्रजीत खेळणाऱ्यांना हे सुख नाही. भांडण मात्र आपसूक बेळगावी होतं. "काय करूलालास रे, धन्याला विचारलास काय?" हे विंचू कुळाच्या हेराच्या तोंडी फार शोभतं.

गोष्ट काय करू? सुचत नाही

दोन कुळांच्या मधलं एक गाव घ्या, दोघंही म्हणतात आमचं. दोघांचे कारकून सारा मागायला येतात. एवढंच. आम्ही यावर सहा सेशन खेळलो, त्यातलं एक अख्खं सेशन वेशीवर कुठल्या कुळाचं चिन्ह लावायचं यावर गेलं, रात्री कुणीतरी काळं फासतंय, सकाळी कुणीतरी पुसतंय, आणि गावातली म्हातारी दोन्ही कारकुनांना एकच पोतं दाखवून परत पाठवतीय. लिहून आणलेलं काहीच वापरावं लागलं नाही.

जपानी लोक स्वतः हेच खेळतात का?

फारसं नाही ना, तीच गंमत. तिथं १९८६ मध्ये एका मासिकात डी अँड डीच्या खेळाचं जसंच्या तसं लिहिलेलं वर्णन आलं आणि त्यातनं रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर ही कथामालिका जन्मली, एल्फ, बुटके, किल्ले सगळं युरोपी. १९८९ चं सोर्ड वर्ल्ड पण तसंच, दोन साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालतं. कॉल ऑफ कथुल्हू हा भयकथांचा गेम तिकडं तुफान चालतो. म्हणजे ते तिकडं युरोप खेळतात आणि आपण गच्चीवर बसून जपान.

लहान मुलांसाठीचं जरा सांग की

गोल्डन स्काय स्टोरीज, २००६ चं जपानी, २०१३ मध्ये इंग्रजीत. फासेच नाहीत. मुलं कोल्हा, मांजर, कुत्रा, ससा, पाखरू किंवा तानुकी (कुत्र्याच्या जातीचा जपानी रानटी प्राणी) होतात, जे थोडा वेळ माणूस बनू शकतात, आणि छोट्या गावातल्या लोकांची छोटी कामं करतात. मारामारी नाही. भाचीला घेऊन खेळलो, दोन तास कोल्हा झाली आणि कुंद्याचा डबा संपवला.

बसायचं कुठं? किती जण?

जीएम धरून चार ते पाच. सहाव्याला हो म्हणू नका, दरबाराच्या सीनमध्ये सहावा माणूस मोबाईल काढतोच. आम्ही आधी एका कॅफेत बसायचो, तिथं एकदा सेप्पुकूचा (सामुराईनं पोट चिरून घ्यायचा) सीन जरा जोरात झाला आणि शेजारच्या टेबलवरच्या काकांनी येऊन विचारलं, "काय ओ, हे काय खेळूलालाय? सगळं ठीक आहे ना?" मालकानं पुढच्या वेळी जागा नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून गच्ची. पहिल्या रविवारी फक्त पात्रं बनवा, दुसऱ्या रविवारी खेळा, आणि उन्हाळ्यात चारच्या आधी सुरू करू नका, फरशी तापलेली असते.